खोलीचं तापमान

पदोन्नतीचा अर्ज, पान सातवं.
एकूण शोधनिबंध: चौतीस.
एकूण उद्धरणं, स्वतःची वगळून:
इथे मी पेन्सिल घेते. स्वतःला वगळणं
पेनाने जमत नाही.

एच-इंडेक्स अकरा.
म्हणजे अकरा निबंध असे, की प्रत्येकाकडे
निदान अकरा जणांनी बोट दाखवलं.
आईला हे समजावायला गेले होते, विडी घरकुलात.
मांडीवरचं सूप न हलवता तिने विचारलं,
"कारखान्यात आमची छाट बाजूला काढतात.
तुमच्यात छाट कोण काढतं?"

सगळ्यात वर चढून बसलेला निबंध जुना आहे.
उसाच्या चिपाडाची राख,
अक्कलकोट रोडच्या डाय-हाऊसमधलं लाल पाणी,
चाळीस मिनिटांत नितळ.
एकशे सत्याऐंशी उद्धरणं.
विभागप्रमुख दरवर्षी हा आकडा माइकवर वाचतात
आणि मला एक टॉवेल आणि नारळ मिळतो.

आकड्याच्या आत कोण कोण आहे
ते मी एका मे महिन्यात पाहिलं, एकेक उघडून.
बरेच जण नुसता हात हलवून पुढे गेलेले,
गड्ड्याच्या गर्दीत लांबून ओळख दाखवावी तसे.
दोघांनी इराबत्तीचं इराबट्टी केलेलं.
एकाने मला पुरुष.
आणि एकोणीस जण, फार सभ्यपणे, म्हणत होते:
आम्ही करून पाहिलं.
तीन तासांनंतरही लालच.

मोजताना हेही धरतात.
हो म्हणणारा एक, नाही म्हणणाराही एकच.
माझ्या टॉवेल-नारळात
त्या एकोणीस जणांचा धागा किती, कोण जाणे.

मग एका मुलीचं पत्र आलं,
नकाशात शोधावं लागेल अशा थंड गावाहून.
तुम्ही लिहिलंय, खोलीच्या तापमानाला.
कुठल्या खोलीच्या?

मी हसले.
मग उठून प्रयोगशाळेतलं मागचं कपाट उघडलं.

मल्लिनाथ कोनापुरे, परिचर, आता निवृत्त.
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं,
पण भिंतीवरच्या कॅलेंडरात ते रोज लिहायचे:
नळाला पाणी कधी, कोणती काच फुटली,
आणि तापमान, चौकटीच्या कोपऱ्यात, मुंगीएवढं.
वर्षांची कॅलेंडरं सुतळीने बांधून ठेवलेली.
बावीस एप्रिलला सापडलं:
"लाईट गेली ११ ला. म्याडमची राख. ४३."

त्रेचाळीस.
पुस्तकातली खोली पंचवीसची असते.
त्या खोलीत मी कधी राहिलेच नाही.
साखर पेठेतल्या आमच्या खोलीत
दोन माग होते, सहा माणसं,
आणि वर तापलेला पत्रा.
मला खोली म्हणजे हेच वाटत आलं असणार.

शुद्धिपत्र पाठवलं. चार ओळी.
चौथी ओळ: तापमानाची नोंद, म. शि. कोनापुरे.
संपादकांनी विचारलं, ही व्यक्ती कुठल्या संस्थेची?
मी लिहिलं, याच खोलीची.
छापून आलं, दीड वर्षाने.

त्या थंड गावातल्या मुलीने भट्टी त्रेचाळीसवर लावली
आणि एका ओळीत कळवलं, नितळ झालं.
पण ते पत्रात. पत्र मोजत नाहीत.
शुद्धिपत्राची उद्धरणं: शून्य.
एकोणीसचे आता तेवीस झालेत.

छापील पान घेऊन मी बाळीवेशीत गेले.
कोनापुऱ्यांनी चष्मा पुसला, नाव वाचलं,
पुन्हा वाचलं, नातवाला बोलावून त्याच्याकडून वाचून घेतलं.
मग कागद उलटा करून मागे पाहिलं.
"लाईट गेल्याचं छापलं न्हाई की, म्याडम.
पंखा बंद व्हता म्हणून तर त्रेचाळीस."

अर्जात शुद्धिपत्राला रकाना नाही.
शेवटी 'इतर' म्हणून अर्धी ओळ सोडलीय.
शुक्रवार शेवटची तारीख.
मी पेन्सिल ठेवून पेन घेते
आणि पंख्याकडे बघते, चालू आहे का.