अकरावं पिंप

तो कारकून होता, हे मला आधी आवडलं.
अर्कादी स्त्रेल्निकोव, अर्खांगेल्स्क बंदर,
जकात खातं, तिसरी खिडकी, एकवीस वर्षं.
माहितीपत्रकात हे दीड ओळीत उरकलंय,
पुढे नुसती विशेषणं.

मी मत्रहच्या धक्क्यावर सतरा वर्षं टॅली मारली.
नाशिकचा कांदा, कराचीचा तांदूळ,
एकदा बेचाळीस बकऱ्या, उतरताना एक्केचाळीस.
मग सगळा माल सोहारला हलला,
टॅली मारणारे हलले नाहीत.
झुवैना म्हणाली, दोर कळतो ना तुला, मग ऑपेरात ये.
आलो. दोर नव्हतेच. बटणं होती.
रंगमंचावर शीळ घालायची मात्र इथेही मनाई.
का, ते कुणाला माहीत नाही.
मला आहे. शीळ ऐकली की
डोलकाठीवरचा माणूस दोर सोडतो.

त्यानं एकच ऑपेरा लिहिला,
तोही जकातीच्या फॉर्मांच्या पाठीवर.
गेनादी कोरसमध्ये खर्जात गातो,
चहाच्या सुट्टीत त्यानं मला हस्तलिखिताची नक्कल दाखवली,
कागद उलटून पुढची बाजू वाचली:
डांबर, चौदा पिंपं, पैकी एक गळकं.
मागच्या बाजूला तेच डांबर, सुरात.

तिसऱ्या अंकात हमाल पिंपं मोजतात.
बस्स. राणी नाही, खंजीर नाही.
राजधानीतले लोक हसले म्हणे:
हमालाला कसला गळा?
सेहेचाळिसाव्या वर्षी छातीत थंडी भरून गेला,
मोजणी अकरावर असताना.
उरलेलं तीन शिष्यांनी तीनदा पुरं केलं.
एकानं शेवटी झार आणला,
एकानं वादळ,
तिसऱ्यानं, तोवर काळ पालटला होता, गिरणीचा भोंगा.
पण गेनादी सांगतो,
त्यानंतर ज्यानं ज्यानं ऑपेरात गर्दी उभी केली
त्यानं तिसऱ्या खिडकीतूनच परवाना नेला,
काहींनी जकात न भरता.

तालमीत मी विचारलं, हे पहिल्या पिंपाला काय म्हणतात?
‘राझ’, गेनादी म्हणाला.
म्हणजे एक?
एक नाही. एकाला दुसरा शब्द आहे.
मोजताना एक म्हणत नाहीत, राझ म्हणतात. एकवार.
मी तिथेच, कागदाच्या बर्फात, खाली बसलो.
देवबागला आमच्या खळ्यात आजोबा भात मापायचे,
पहिल्या पायलीला एक कधी म्हटलं नाही त्यांनी.
लाभ, म्हणायचे. लाभ, दोन, तीन.
गेनादीला ‘लाभ’ समजवायला अर्धा तास गेला.
प्रॉफिट म्हटलं तर तो हसला,
मग मी ते परत घेतलं.

या खेपेला ठरलं होतं: शिष्यांचं काही वाजवायचं नाही.
जिथे टाक थांबला तिथे थांबायचं.
अकरा. मग चोवीस सेकंद काही नाही.
मग माझं बटण, काळोख.

बाहेर रात्रीचे अडतीस अंश, आत शाली पांघरलेले लोक.
कानात झुवैना: तांडेल, स्टँडबाय.
राझ,
आणि साठ माणसं ओणवी होतात,
पिंपं पोकळ आहेत, पाठी नाहीत.
नऊ. दहा. अकरा.

गॅलरीत कुणीतरी टाळी वाजवायला घेतली आणि आवरली.
बाराव्या पिंपाला कुणाचाच हात लागेना,
ते विंगेत माझ्या गुडघ्याशी उभं होतं.
सतरा वर्षांची सवय, तोंडातून निघालंच.
बारा.
काय म्हणालास? कानात झुवैना.
काही नाही.

रात्री अहवाल आला:
काळोख दोन सेकंद उशिरा. कारण: तांडेल.
मी सही केली.
कागद उलटून पाहिला, पाठ कोरी होती.
घडी घालून खिशात टाकला.
आता सकाळी दुसरी प्रत काढून द्यावी लागणार.