शिसपेन्सिल

शाई नको, मर्ल म्हणते, शाई पाण्यात पळते.
म्हणून या उपनगराचा सगळा इतिहास
आम्ही शिसपेन्सिलीनं लिहितो,
चर्चमागच्या खोलीत, दर गुरुवारी.
भिंतीवर चौऱ्याहत्तरच्या पुराची रेघ आहे.
खोक्यांची फळी तिच्याहून वीतभर वर.

नदी इथं, ब्रिस्बेनमध्ये, कोपर मारून वळते.
त्या कोपरात गॅसचा कारखाना होता, साबणाचा होता,
आता काचेचे मनोरे, आणि मनोऱ्यांचा माणूस
मागच्या आठवड्यात येऊन गेला:
लॉबीत लावायला दोनशे शब्द हवेत,
शक्यतो उमेद देणारे. सोबत एखादा फोटो.
तो होडीचा आहे ना तुमच्याकडे, तो चालेल.

होडीचा फोटो माझ्या बापाचा.
क्लेम हॅनाफी, उघडाबंब, हातात वल्ही,
मागं नुसती छपरं, एका छपरावर कुत्रा.
अकरा माणसं काढली त्यानं त्या रात्री.
नाताळच्या जेवणात हा आकडा
आमच्या टेबलावर मिठासारखा फिरायचा.

आज फोटिनीनं आजोबांची वही आणली.
कास्त्रिसियोस किराणा, उधारीचं खातं.
पानं फुगलेली, वास अजून गाळाचा,
पण अक्षर जागच्या जागी.
म्हाताराही शिसपेन्सिलवाला निघाला.
पाव, रॉकेल, आटवलेलं दूध, तंबाखू.
मिसेस बेरिगन, सात डॉलर.
रशियन चांभार, चार आणि सुटे.
रात्रपाळीची नर्स, जिचं नाव त्याला लिहिता येत नव्हतं,
म्हणून तिथं टोपीचं चित्र.
आणि प्रत्येकापुढं, पुरानंतरच्या तारखेला,
तीच एक ग्रीक ओळ.

काय गं हे?
फोटिनी चष्मा चढवते.
"नदीनं फेडलं."

ज्याचं स्वतःचं दुकान आढ्यापर्यंत बुडालं
त्यानं हे लिहिलं, नाव नाव घेऊन.
आम्ही हसलो, मग हसू थांबलं.
मी पान उलटलं.

सी. हॅनाफी. नऊ डॉलर चाळीस.
पुढं कोरं.

"विसरले असतील," फोटिनी म्हणते,
जरा लवकरच म्हणते.
मर्ल फळीवरची खोकी सरळ करते,
सरळच होती ती.
आठ वर्षं आम्ही या टेबलाशी शेजारी बसतो.
"माणशी दोन डॉलर," ती खोक्यांनाच सांगते.
"आईकडं चारच होते. आम्ही तिघी."
मग बऱ्याच वेळानं:
"घेतलं पण त्यानं तिघींना."

कोरी जागा अंगठ्याएवढी.
पेन्सिल माझ्या हातात, टोक केलेली,
आणि ती ग्रीक ओळ आता मला
न वाचताही गिरवता आली असती.
वस्तूवर काही लिहायचं नाही,
हा नियम इथं मीच आणलेला.

मी नोंदपत्रक ओढते.
हॅनाफी, क्लेम. होडी होती.
नऊ डॉलर चाळीस, येणे बाकी.
माझाच हात, पण अक्षर शाळेतल्यासारखं येतं.

टेप लावू? मी मर्लला विचारते.
"लाव. चहा झाल्यावर."
किटली भरायला ती उठते, नळाशी थांबते.
"आणि फोटोखाली लिहून ठेव," ती म्हणते,
"तो कुत्रा आमचा होता."