मौझ

आमच्या घरी संध्याकाळी सात ते नऊ
मराठी बंद.
नियम हेमलतेचा. दारावर चिठ्ठी तिनंच डकवली: बाब.
मिठाच्या बरणीवर मिल्ह, माठावर माअ.
माझ्या खुर्चीवर काहीच नाही.
म्हणाली, तिकडंही कुर्सीच आहे, बसा.

सावद्याची केळी मनामाला जातात.
खोक्याच्या एका अंगावर आपलं गाव,
दुसऱ्या अंगावर उजवीकडून डावीकडं काहीतरी.
बारा वर्षं तिनं ती खोकी मोजली,
मग एक दिवस म्हणाली,
जे मोजलं ते वाचता नको याले?

अक्षरं दिली गुलशेर तडवीनं.
तो घड उतरवतो, कुराण वाचतो,
अर्थ मात्र त्याला कुणी सांगितला नव्हता.
आता जेवणाच्या सुट्टीत दोघं
चिकानं काळ्या पडलेल्या बोटांनी
पावतीच्या पाठीवर एकेक शब्द सोलून बघतात.

बाकीचं सगळं गाण्यांतून.
मोबाईल पितळी डब्यात उभा करते,
आवाज घुमतो.
बट्टीचं पीठ मळताना ऊद वाजत असतो,
दुम् तक तक, दुम् तक,
आणि परातीत मूठही त्याच ठेक्यावर पडते.
तिचा 'ह' चष्म्याच्या काचेवर वाफ सोडावी तसा.
घशातला ऐन मला जमत नाही;
मी काढला की गल्लीतलं कुत्रं उठून बसतं.

पहिला महिना घरात फार शांतता होती.
भांडायला शब्दच नव्हते.

मग कळत गेलं, बरंचसं आधीच येऊन बसलंय:
हिशेब, किंमत, खबर, वकील.
खरीप आणि रब्बीसुद्धा,
ज्यांना मी आजवर बांधावरचेच समजत होतो.
फक्त गरीब म्हणजे तिकडं परका.
ज्याच्याजवळ काही नाही तो नव्हे,
ज्याचं इथं कुणी नाही तो.
त्या रात्री पुढचा धडा झाला नाही.

चैत्रात अबू नासरकडं पैसे अडकले.
दलाल म्हणाला, वहिनी, राहू द्या, मी बोलतो.
हिनं फोन घेतलाच.
आता, थकबाकी कुठल्या गाण्यात असते?
जे होतं ते बोलली:
रात्र लांबली, माझे डोळे तुमच्या वाटेवर,
चंद्र आला, तुम्ही आला नाहीत.

पलीकडं काही क्षण नुसती खरखर.
मग हाका, पावलं, दारं,
सगळ्या घरादाराला बोलावल्यासारखं,
आणि हसू, आणि एक म्हातारा बायकी आवाज
तिचंच वाक्य हळूहळू सरळ करून परत देणारा.

पैसे मंगळवारी आले.
दोन हजार कमीच.

केळं म्हणजे मौझ,
हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
मी मौज ऐकलं.
अजून तसंच ऐकतो,
आणि बाकी सगळ्या चुका पकडणारी ती
ही एक तेवढी सोडून देते.