डाग

पहिल्यांदा डाग धरलाच नाही.
कथील घरंगळलं, मण्यासारखं उडालं,
केटुरानं मनगट झटकलं.
"भाजलं?" चष्म्यावरून प्रोफेसर ऑगबर्न.
"नाही," ती म्हणाली. खोटं.
"आच तारेला लागू दे, कथलाला नाही.
मग ते येईल आपल्या पायांनी."

मिसिसिपीच्या सपाट मुलखात आम्हा काळ्या पोरांचं कॉलेज:
विटांच्या दोन इमारती, गळकं जिम,
आणि यंदाच्या अनुदानातून बारा सोल्डरिंग गन,
त्यातल्या अकरा चालणाऱ्या.
पुस्तकात वीज बाणाच्या दिशेनं वाहते.
इथे ती रुसते.

प्रकल्प आम्हीच मागून घेतलेला:
कॅटफिशच्या तळ्यात तरंगणारा डबा,
पाण्यातला प्राणवायू मोजणारा.
रात्री तो उतरतो, आणि उजाडेपर्यंत
तळं पांढऱ्या पोटांनी भरून जातं.
केटुराची आई कारखान्यात याच माशांची कातडी सोलते.
बोटं सरळ होत नाहीत तिची,
कप ती दोन्ही तळव्यांत धरते.
मासे मेले की शिफ्ट बुडते.

रात्रीचे तीन. तळं नंबर सात.
डबा म्हणाला: सहा.
तासाभरानंही सहा.
राखणदार लूशस पेटवेंनी पाण्याचा वास घेतला.
चाळीस वर्षं ते असेच मोजतायत;
आकडे मात्र मालकाच्या वहीत.
थुंकले, ट्रॅक्टर सुरू केला,
चाक पाणी घुसळायला लागलं.
"तुमचं यंत्र झोपलंय, पोरींनो."

उघडलं.
एक डाग, करडा,
वरून धरलेला, आतून सुटा.
कुणाचा, ते कुणी विचारलं नाही.
ट्रकच्या बॅटरीवर गन तापवून,
टॉर्च दातांत धरून
केटुरानं तार तापवली. थांबली.
कथील आलं आपल्या पायांनी.

दोन पूर्णांक एक.
मग दोन पूर्णांक चार.
लूशस वाकून बघत राहिले.
"एवढंच वाटलं होतं मला," म्हणाले,
आणि जरा वेळानं,
"पण याला नाक कुठंय?"

सकाळी कारखान्याच्या फाटकाशी
आईनं तिचं मनगट धरलं: हा कसला डाग?
केटुरानं बाही खाली ओढली नाही.
जन्मात एकच डाग घडवून घेतलेल्या बाईसारखा
हात तसाच उजेडात धरला.

ऑगबर्न सगळं लिहायला लावतात.
वही आमची, म्हणून लिहिलं:
तळं सात. मेलेले मासे एकोणीस.
सुटलेला डाग माझा.