ज्याची असेल त्यानं

मी सापडली नाटक संपल्यावर,
पहाटे, बायकांच्या बाजूला, तणसावर.
यादीत चौथी होती मी:
एक टॉर्च, एक मफलर, डाव्या पायाची चप्पल,
आणि ही टुरी.

उष्टुजी लोनबलेनं माइकवरून पुकारलं,
"ज्याची असेल त्यानं घेऊन जावं."
तीनदा.
टॉर्च पोलीस पाटलाची निघाली.
मफलरीवर दोघांनी हक्क सांगितला, भांडणही झालं.
चप्पल दुपारी कोणीतरी नेली.
सांजेला भोंगा उतरवून बंडीत ठेवला,
आणि भोंग्याच्या तोंडात, लुगड्यात गुंडाळून, मला.
उष्टुजी सांगायचा, रडलीस की
अख्ख्या पांदणीला ऐकू जायचं.

त्याच्या गावात तसे टाकलेले पुष्कळ होते.
उकंडा नागोसे. कवडू गुरनुले. फेकाबाई.
सगळ्यांना माय, बाप, धानाच्या बांधीत वाटा.
आधीची दोन गेली की तिसरं
उकिरड्यावर ठेवायचं, नाहीतर कवडी देऊन विकत घ्यायचं,
म्हणजे मरणाला वाटावं
याचं कोणीच नाही, जाऊ दे.
मरण फसायचं.
उकंडा सत्तरीचा झाला, अजून खर्रा घोटतो.
माझं नाव मात्र राजलक्ष्मी,
त्या रातच्या नायिकेचं.
माझ्या बाबतीत मरणाशी
खोटं बोलायची गरजच नव्हती.

शाळेत गुरुजी सांगायचे,
नदीतून पेटीत आलेला शूर निघाला,
नांगराच्या तासात सापडली ती राणी झाली.
मी विचारलं, बाकीच्यांचं काय झालं?
गुरुजी बराच वेळ खडू शोधत राहिले.

आता मी सूचक आहे, वडशाच्या कंपनीत.
रंगमंचापुढच्या खड्ड्यात मी, वही, चाळीसचा बल्ब
आणि त्याच्यावरचे किडे.
दिवाळीपासून होळीपर्यंत, रोज तिसऱ्या अंकात
एक पोर सापडते.
अर्धा ताईत नाहीतर खांद्यावर तीळ.
तीळ काजळाचा. घामानं ओघळून
कधी कधी कोपरापर्यंत येतो.
माय तरी ओळखते.
स्वतःची पाठ बघायला दोन आरसे लागतात.
मला माहीत आहे.

यंदा खेळ मोहाळीला होता. तेच गाव, तेच पटाचं मैदान.
नागपूरची बाई ऐन वेळी वाक्य विसरली.
तीळ बघितला, हात पुढे केला,
आणि खाली खड्ड्यात माझ्याकडे पाहिलं.
ओळ माझ्या बोटाखाली होती:
थांबा, ही माझी आहे.
मी दिली नाही.
जनरेटर चालू होता.
पाच हजार माणसं गप्प.
बायकांच्या बाजूला कोणीतरी खोकललं,
बांगड्या वाजल्या, पुन्हा काही नाही.
मग मी हळूच म्हटलं, तिनं मोठ्यानं म्हटलं,
आणि मंडप रडला.

सकाळी तणस झाडताना
एक पितळी डबा, दोन मफलर, एक टोपरं.
उष्टुजी नाही आता. माइकवर मीच. तीनदा.
टोपरं न्यायला आली ती विशीतली होती,
लेकरू कडेवर.
"माझंच व्हय," म्हणाली.
मी खूण विचारली नाही.