खोट

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी छापलेल्या नोटांतली खोट शोधली.
शाई फुटली, आकडा सरकला,
कडेला केसभर रेघ जास्त आली
की लाल पेन्सिलीची फुली.
नोट काही बोलत नसे.
तिच्या जागी आकड्यात चांदणी असलेली दुसरी जायची,
गड्डी पुन्हा शंभरची शंभर.

निवृत्तीनंतर शनिवारी संध्याकाळी
रविवार कारंजापाशी, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत
आमचं लेखकमंडळ बसू लागलं.
(शनिवारी रविवारात! हा विनोद
प्रत्येक नवा सभासद एकदा करतो,
आम्ही दर वेळी हसतो.)

यमुना थेटे, सातपूरच्या दवाखान्यात नर्स.
डबल ड्यूटी करून यायच्या, हाताला स्पिरिटचा वास.
त्या दिवशी आईवरची कथा वाचली.
अकरा पानं. आई सातव्या पानावर गेली,
पुढची चार पानं जातच राहिली.
मी म्हणालो, 'बाई, ही कथा नाही, हे सुतक आहे.'
कुणीतरी हसलं.
वाक्य जमलं म्हणून मलाही बरं वाटलं,
खोटं कशाला सांगू.

त्यांनी कागदांची चार पदरी घडी घातली,
पिशवीत डब्याच्या खाली सरकवली.
समोरचे पोहे संपवले. पूर्ण. लिंबाची फोडसुद्धा पिळून.
'येते,' म्हणाल्या.
आपल्याकडे जाणारं माणूस येते असंच म्हणतं,
म्हणून कळायला तीन शनिवार लागले.

मग अत्तार यायचे थांबले, न सांगता.
मग ओझरचा तो मुलगा,
जो कधी काही वाचायचाच नाही,
नुसता जिन्याजवळ बसून ऐकायचा.
त्यानं जाताना वर्गणीचे राहिलेले चाळीस रुपये भरले.
भांडून गेला असता तर बरं.

बैठक झाली.
शिरोडे म्हणाले, लिहिणाऱ्याची कातडी जाड हवी.
कालिंदीबाई म्हणाल्या, मग लिहायचं कशानं?
शेवटी नियम करायचं ठरलं.
नियम क्रमांक नऊ: आधी गुण सांगावा, मग दोष.
पुढच्या शनिवारी सगळे इतकं गोड बोलले
की कुणाला काही वाचावंसंच वाटेना.

मी गेलो सातपूरला.
दवाखान्याच्या फाटकाशी, सकाळची पाळी सुटताना,
माफीचं वाक्य पाठ करून.
त्यातलाही एक शब्द बसमध्ये दोनदा बदललेला.
त्या म्हणाल्या,
'सुतक बरोबरच होतं हो.
ती चार पानं मलाही नको होती,
पण आई गेल्यावर लगेच थांबवेना.
तसं नाही.
सातव्या पानावर ती गेली तेव्हा मी वर पाहिलं,
आणि तुम्ही घड्याळ बघत होता.'

केसभर रेघ पकडणारा मी,
मला हे आठवतच नाही.
आठवत असतं तर माफी तरी नीट मागता आली असती.
'रागावले नाही,' म्हणाल्या, 'बस आली.'
बस खरंच आली होती.

हजेरीच्या वहीत त्यांचं नाव अजून आहे, सहावं.
लाल पेन्सिल हातात घेतली नाही असं नाही.
पण तिथं चांदणीवाली दुसरी कुठून आणू?
चौदा उरलो, चौदाच मोजतो.

काल एका नव्या पोरानं कविता वाचली.
वाईट होती. फार वाईट.
पहिल्या आठ ओळींत चंद्र तीनदा उगवला.
मी घड्याळ काढून खिशात ठेवलं,
तिथंही ते टिकटिकत राहिलं.
मी पोराच्या तोंडाकडे बघत बसलो,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर, पापणी न लववता.
त्यानं शेवटपर्यंत
कागदावरून मान वर केली नाही.