नावापुरती रेघ

पदवीच्या कागदावर नावासाठी सोडलेली रेघ
अठरा सेंटिमीटरची आहे.
छापखान्याने एकदाच मोजून ठरवली,
जगात नावं किती लांब असतात ते कुणालाच न विचारता.

मी एर्मेलिंदा. निबंधक कार्यालय, तळमजला.
खिडकीबाहेर कोस्टा रिकातल्या केळीच्या बागा,
निळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंडलेले घड.
सव्वीस वर्षं मी नावं लिहिते आहे, हाताने,
कारण संस्थापकांना वाटलं होतं
की गरीब देशांतून इतक्या लांब आलेल्या पोरांसाठी
निदान एक काम तरी कुणीतरी बसून, जीव लावून करावं.
(बाकी सगळं यंत्रावर चालतं. फीसुद्धा.)

नाव मोठं आणि रेघ लहान:
मादागास्करच्या रांद्रियानारिसोआची शेवटची अक्षरं
मी मुंग्यांसारखी दाटीवाटीने बसवली.
ती हसली. म्हणाली,
गावाकडच्या टॅक्सीत आम्ही असेच बसतो.

म्यानमारच्या ठुराला आडनावच नव्हतं.
अर्जाला मात्र हवंच होतं,
म्हणून कुणीतरी भरलं, ठुरा ठुरा,
आणि चार वर्षं वसतिगृह त्याला दोनदा हाक मारत राहिलं.
मी एकदाच लिहिलं, मधोमध.
दोन्ही बाजूंची मोकळी जागा तो किती वेळ बघत होता.

पहाटे चारला गोठा, सातला मृदाशास्त्र,
मग चिखलाच्या बुटांनी सगळे माझ्या दाराशी.
आत येऊ नका, मी ओरडायची.
चिखल इथलाच,
पाय पुसायची तऱ्हा मात्र ज्याच्या त्याच्या घरची.

तिसऱ्या खणात एक पदवी आहे.
विल्नेर देझॉर्म, हैती.
परीक्षा देऊन भावाला पुरायला गेला
आणि भावाच्या तीन पोरांपाशी राहिला.
समारंभ राहिला,
आणि दोनशे बारा डॉलर.
शिष्यवृत्तीत न बसणारे: एक चष्मा,
एक दाढ, ग्रंथालयाचं एक हरवलेलं पुस्तक.
बाकी असेल तर पदवी नाही.
ते कलम मीच टाइप केलं होतं.

दर मार्चात खण उघडते,
कसर लागू नये म्हणून लवंगा बदलते.
काळी शाई आता तपकिरी झाली आहे.
दोनशे बारा मी भरू शकले असते.
पहिल्या वर्षी तो विचार आला
तेव्हा माझं छप्पर गळत होतं.
दुसऱ्या वर्षी गळत नव्हतं.

नवव्या वर्षी त्याचा फोन आला.
नीरफणसाची रोपवाटिका काढली आहे म्हणाला,
चार हजार रोपं, त्यातली निम्मी उधारीवर गेलेली.
पैशांचं बोलला नाही, कागद मागितला नाही.
विचारलं एवढंच:
माझ्या आडनावातल्या दुसऱ्या अक्षरावर
तिरकी रेघ दिलीत का? सगळे विसरतात.

दिली आहे, मी म्हणाले.

मग वाचून दाखवा. सावकाश.
फोन आईच्या कानाला लावतोय.

मी वाचलं. विद्यापीठ, विषय, तारीख,
ज्या दिवशी तो तिथे नव्हता ती.
तिला स्पॅनिश येत नाही,
मला तिची क्रेओल येत नाही.
नाव आलं तसा पलीकडचा श्वास थांबला.
कुठेतरी कोंबडा आरवला.
मग ती काहीतरी म्हणाली, तेच पुन्हा म्हणाली.
पुन्हा वाच म्हणत असावी,
असं समजून मी पुन्हा वाचलं.

लेखापाल दारात उभे. कुणाचा फोन?
चुकून लागला होता, मी म्हणाले.

बस सोडून दिली,
पाकीट घेऊन जिना चढले
फीच्या खिडकीपर्यंत.

ती चारलाच बंद होते.
सव्वीस वर्षांत
मला हे ठाऊक असायला हवं होतं.